आधी नायक, मग लेखक

ऐतिहासिक कादंबरीचा वाचक सहसा लेखकाचं नाव वाचून येत नाही. तो शिवाजी महाराजांसाठी येतो, थोरल्या माधवरावांसाठी येतो. लेखक त्याला नंतर सापडतो आणि आवडला, तर मग त्याची बाकीची पुस्तकं धुंडाळली जातात. मराठीत हा प्रकार दीडशे वर्षं चालू आहे.

रा. भि. गुंजीकरांची 'मोचनगड' (१८७१) ही मराठीतली पहिली ऐतिहासिक कादंबरी मानली जाते. खरा मोठा वाचकवर्ग जमवला तो हरि नारायण आपट्यांनी. १८९० साली त्यांनी 'करमणूक' साप्ताहिक सुरू केलं. त्यातली 'म्हैसूरचा वाघ' मेडोज टेलरच्या इंग्रजी कादंबरीवर बेतलेली होती; 'उषःकाल'पासून मात्र शिवकाल त्यांच्या हाती लागला. कादंबरी अंकाअंकातून यायची, त्यामुळे लेखकाची ओळखही हप्त्याहप्त्याने व्हायची. पुढे नाथमाधव आणि वि. वा. हडप यांनी स्वराज्य आणि पेशवाईवर मालिकाच लिहिल्या. एक भाग वाचला की दुसरा मागायला वाचक ग्रंथालयात हजर!

१९६२ मध्ये रणजित देसाईंची 'स्वामी' आली, १९६४चा साहित्य अकादमी पुरस्कार तिला मिळाला आणि लेखकाच्या नावावर पुस्तक मागण्याची सवय पक्की झाली.

माझ्या मते या परंपरेत सर्वांत धाडसी ना. सं. इनामदार. लोकप्रिय नायक घेतला की निम्मं काम आधीच झालेलं असतं. त्यांनी 'झेप'साठी निवडले दुसऱ्या बाजीरावाचे कारभारी त्रिंबकजी डेंगळे, 'मंत्रावेगळा'साठी पळपुटा म्हणून हिणवला गेलेला दुसरा बाजीराव आणि 'शहेनशहा'साठी तर थेट औरंगजेब! यांच्या प्रेमाखातर कोण पुस्तक उघडणार? तरी लोकांनी वाचली. ती ओढ इनामदारांच्या लेखणीचीच म्हणायची.

गंमत अशी की नव्या वाचकांपैकी अनेकांना इनामदार भेटतात ते लोकप्रिय पहिल्या बाजीरावामुळेच. 'राऊ' १९७२ची, तिच्यावर बेतलेला 'बाजीराव मस्तानी' २०१५ साली आला. शिवाजी सावंतांच्या १९७९च्या 'छावा'वरचा हिंदी चित्रपट २०२५चा. पडद्यावरून कादंबरीकडे वळलेल्या वाचकाने तिथेच थांबू नये. इनामदारांचं पुढचं पुस्तक हवं असेल, तर 'झेप' घ्यावं.