घंटा गेल्या, गावं राहिली: वसईच्या धर्मग्रामांची पार्श्वभूमी

नाशिकला गोदाकाठी नारोशंकराच्या देवळावर एक भलीमोठी घंटा टांगलेली आहे. खणखणीत गळ्याच्या माणसाला आपण सहज ‘नारोशंकराची घंटा’ म्हणतो. ही घंटा मुळात देवळासाठी ओतलेली नव्हती. ती आली वसईहून, चिमाजी अप्पांच्या पोर्तुगीजांवरच्या विजयाची खूण म्हणून. भीमाशंकरला आणि नाना फडणवीसांच्या मेणवलीच्या घाटावर आहेत त्या घंटाही वसईच्याच. 1739 मध्ये चर्चच्या मनोऱ्यांवरून त्या उतरल्या आणि सह्याद्री चढून गेल्या. पण त्या ज्यांच्यासाठी वाजत होत्या, ती माणसं जागची हलली नाहीत. पापडी, सांडोर, गिरीज, निर्मळ, भुईगाव, नंदाखाल, आगाशी या गावांतून ती आजही आहेत. वसईच्या कुठल्याही धर्मग्रामाची (म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या ख्रिस्ती वस्तीची) गोष्ट सांगताना हा मुद्दा निसटून चालत नाही.

सुरुवात 1534 ची. हुमायूनच्या भीतीने गुजरातचा सुलतान बहादूरशहा पोर्तुगीजांकडे वळला आणि तहात वसई देऊन बसला. जहाजांबरोबर फ्रान्सिस्कन संन्यासी आले. त्यांतला अंतोनियो दो पोर्तो या भागातला पहिला मोठा धर्मप्रचारक. पुढे जेझुइट, मग डॉमिनिकन आणि ऑगस्टिनियन हे इतर संन्यासी संघ आले. संत फ्रान्सिस झेवियरही वसईला येऊन गेले. किल्ल्यात प्रत्येक संघाचं वेगळं चर्च आणि वेगळा मठ उभा राहिला. पडक्या भिंतींमधून फिरताना आज प्रश्न पडतो, एवढ्याशा शहराला इतकी चर्च कशाला? उत्तर सोपं आहे. वसई ही पोर्तुगीजांच्या उत्तरेकडच्या प्रांताची राजधानी होती आणि तिथले बडे लोक आपली ऐपत चर्चच्या दगडांतून दाखवत.

धर्मांतर कसं झालं, हा प्रश्न एका शब्दात मिटत नाही. प्रवचनं होती, शाळा आणि अनाथालयं होती, राज्यकर्त्यांच्या धर्मात गेल्यावर मिळणाऱ्या सवलती होत्या, आणि बळजबरीही होती. निर्मळच्या तीर्थावरची देवळं पाडली गेली, तिथली यात्रा बंद पडली. वसईतले जाणते ख्रिस्ती अभ्यासकही हे झाकून ठेवत नाहीत. मराठ्यांच्या काळात निर्मळचं देऊळ पुन्हा उभं राहिलं. आज त्याच गावात शंकराचार्यांची समाधी आणि होली क्रॉस चर्च जवळजवळ आहेत.

याच वसईत 1557 च्या सुमारास गोन्सालो गार्सिया जन्मला. जेझुइटांच्या शाळेत शिकला, जपानला गेला, व्यापार केला, मनिलात फ्रान्सिस्कन झाला आणि 5 फेब्रुवारी 1597 रोजी नागासाकीत इतर 25 जणांसोबत क्रुसावर मारला गेला. रोमने 1862 मध्ये त्याला संतपद दिलं. भारतात जन्मलेला हा पहिला कॅथलिक संत. तोवर त्याच्या गावात झाडांची मुळं भिंती फोडत होती. किल्ल्यातल्या भग्न चर्चमध्ये त्याचा सण मात्र आजही साजरा होतो.

1737 ला मराठ्यांनी साष्टी (मुंबईलगतचं बेट) घेतली, दोन वर्षांनी वसई. तहानुसार पोर्तुगीज शिबंदी मानाने बाहेर पडली आणि मागे राहतील त्यांना आपला धर्म पाळायची मुभा मिळाली. गोरे संन्यासी गेले, मठ ओस पडले. काही कुटुंबं पुन्हा हिंदू झाली. बाकीच्यांची देवळं (हो, जुनी माणसं चर्चला देऊळच म्हणतात) गोव्याहून येणाऱ्या देशी पाद्र्यांनी सांभाळली. माझ्या मते वसईचा ख्रिस्ती धर्म खऱ्या अर्थाने गावचा झाला तो इथे. पाठीशी राजा नाही, तोफा नाहीत, संघांची श्रीमंती नाही. चर्चचं छप्पर शाकारायचं तर गावानेच.

गंमत म्हणजे पोर्तुगालचं निशाण उतरलं तरी त्याचा चर्चवरचा हक्क सुटला नाही. ‘पाद्रुआदो’ म्हणजे पोपने पोर्तुगालच्या राजाला दिलेला धर्मकारभाराचा अधिकार. मराठेशाही संपली, इंग्रज आले, तरी वसईची सूत्रं गोव्याकडे. पोप आणि पोर्तुगाल यांच्यातल्या 1886 च्या करारानंतर ती दमणच्या धर्मप्रांताकडे, म्हणजे तिथल्या बिशपच्या अखत्यारीत गेली. 1928 मध्ये वसई मुंबई धर्मप्रांतात आली तेव्हा पोर्तुगालात राजा जाऊन 18 वर्षं लोटली होती!

या गावांना एकच समाज समजण्याची चूक बाहेरचा माणूस हमखास करतो. उत्तरेकडे सामवेदी, दक्षिणेकडे वाडवळ, किनाऱ्याला कोळी. सामवेदी ख्रिस्ती स्वतःला ‘कुपारी’ म्हणवतात. मूळ शब्द पोर्तुगीज ‘कोंपाद्रे’: मुलाच्या बाप्तिस्म्याला जो धर्मपिता म्हणून उभा राहतो त्याचं आणि मुलाच्या आईबापाचं नातं. एका नात्याच्या हाकेवरून अख्ख्या जमातीचं नाव पडलं. त्यांची बोली सामवेदी, जिला कादोडी असंही म्हणतात. ती त्या पट्ट्यातले हिंदू सामवेदीही बोलतात. आडनाव लोपीस, तुस्कानो, डाबरे किंवा डिमेलो, पण जुन्या बायकांच्या अंगावर लाल लुगडं आणि म्हाताऱ्यांच्या डोक्यावर लाल टोपी. लग्नाच्या आदल्या दिवशी वाजतगाजत विहिरीवर जाऊन ‘उंबराचं पाणी’ आणायचं. ऑक्टोबरात आगेरा: भाताच्या नव्या लोंब्या वेदीपुढे न्यायच्या, आशीर्वाद घ्यायचा.

मुंबईचे कॅथलिक मात्र वेगळ्या वाटेने गेले. 1887 मध्ये, राणी व्हिक्टोरियाच्या सुवर्णमहोत्सवाच्या वर्षी, त्यांनी ‘ईस्ट इंडियन’ हे नाव घेतलं. सरकारी नोकऱ्यांत गोवेकरांपेक्षा आपण निराळे आहोत हे ठसवायचं होतं. हळूहळू त्यांच्या घरांत इंग्रजी शिरली. खाडीपलीकडची वसई शेतीवर राहिली. 1864 मध्ये रेल्वे थेट मुंबईला जोडली गेली खरी, पण तिने वसईकरांना साहेबाच्या कचेरीपेक्षा बाजारात जास्त नेलं: केळी, पानवेलीची पानं, फुलं, भाजीपाला घेऊन. मुलं मराठी शाळेत शिकली. त्यामुळे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (1962 ते 1965) लॅटिनऐवजी लोकभाषेला मुभा दिली, तेव्हा वसईला मराठी शिकावी लागली नाही. मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) मराठीत आली आणि घरच्यासारखी झाली. ‘सुवार्ता’ मासिकाने त्या मराठीला धार दिली. त्याचे दीर्घकाळ संपादक राहिलेले नंदाखालचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो जानेवारी 2020 मध्ये उस्मानाबादच्या 93 व्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, तो मान मिळालेले पहिले ख्रिस्ती धर्मगुरू. ते 2024 मध्ये गेले.

22 मे 1998 ला वसई स्वतंत्र धर्मप्रांत झाला. पापडीचं चर्च कॅथेड्रल, म्हणजे बिशपचं मुख्य चर्च ठरलं आणि थॉमस डाबरे पहिले बिशप.

त्याआधीच, 80 च्या दशकाच्या अखेरीस, प्रश्न बदलले होते. वसईच्या वाड्या जगत त्या बावखलांवर. गोड्या पाण्याची ही तळी, त्यावर रहाट, रहाटाला बैल. इमारती आल्या, विहिरींचं पाणी टँकरने विकलं जाऊ लागलं, बावखलं बुजू लागली. दिब्रिटोंच्या पुढाकाराने ‘हरित वसई’ची चळवळ उभी राहिली. 2009 मध्ये महापालिका आली तेव्हा गावं वगळण्यासाठी लोक पुन्हा रस्त्यावर उतरले, त्यांत ख्रिस्ती होते तसे हिंदूही. रेल्वेलगतच्या माणिकपुरात तोवर मंगळूरी, गोवेकर, मल्याळी कुटुंबं येऊन राहिली होती. तिथे रविवारी मराठीबरोबर इंग्रजीतही मिस्सा होते.