शूटिंगच्या आधी एक बातमी आवाज बंद करून बघा

मुलाखतीचं शूटिंग ठरलं की बरेच ग्राहक म्हणतात, न्यूज चॅनलवर दिसतं ना, अगदी तसं करून द्या. देतो की, पण आधी टीव्हीचा आवाज बंद करून एखादी बातमी बघा, आवाज असला की सगळं लक्ष शब्दांकडे जातं आणि कॅमेरा काय करतोय ते कळतच नाही.

बोलणाऱ्याचा चेहरा चालू असतो आणि मधेच त्याचे हात दिसतात, टेबलावरचे कागद, नाहीतर मान डोलावणारा रिपोर्टर. हे कटअवे. बहुतेक वेळा तिथं बोलण्यातला तुकडा कापलेला असतो, आणि तोच चेहरा नुसता जोडला तर डोकं टुणकन उडतं (जंप कट), म्हणून वर हातांचा शॉट टाकून झाकायचं. आणि ती मान? कॅमेरा एकच असेल तर आधी पाहुण्याची उत्तरं घेतात, मग कॅमेरा फिरवून रिपोर्टर तेच प्रश्न परत विचारतो आणि मान हलवतो, कधीकधी तर पाहुणा निघून गेलेला असतो आणि समोर नुसती खुर्ची! त्यामुळे मुलाखत संपल्यावर आम्ही "पाच मिनिटं बसा, हात घ्यायचेत" म्हटलं तर वैतागू नका, एडिटिंगला तेच शॉट वाचवतात.

गर्दीचं पण तसंच. लांबून टेलि लेन्स (दूरचं जवळ दाखवणारी) लावली की मागची पुढची माणसं एकमेकांना चिकटलेली दिसतात. ९ एप्रिल २००३ ला बगदादच्या फिरदौस चौकात सद्दाम हुसेनचा पुतळा पाडला, ती दृश्यं जवळच्या फ्रेममध्ये बघितली तर चौक भरलाय असं वाटतं, वाइड शॉटमध्ये (सगळी जागा एका फ्रेममध्ये) बराचसा रिकामा दिसतो. दोन्ही शॉट खरेच. तुमचा अर्धा हॉलही आम्ही भरलेला दाखवू शकतो, पण एक वाइड शॉट घेऊन ठेवतोच, तो वापरायचा की नाही ते तुम्ही ठरवा.

कॅमेरा खालून लावला की माणूस भारदस्त दिसतो, वरून लावला की बिचारा. मुद्दाम हलवलेला कॅमेरा आम्हाला पटत नाही, ट्रायपॉड आणतो.

अजून एक बघा, अँकर थेट लेन्सकडे बघतो, मुलाखत देणारा मात्र बाजूच्या रिपोर्टरकडे. तुम्ही कुणाकडे बघून बोलणार ते आदल्या दिवशी सांगा, लेन्सकडे बघून लिहिलेलं वाचायचं असेल तर टेलिप्रॉम्प्टर (लेन्ससमोर मजकूर दाखवणारं यंत्र) आणावा लागतो. आणि बारीक रेघांचा शर्ट नको, स्क्रीनवर रेघा नाचतात.