शुक्रवार, १ जानेवारी: सिनेमाचं ‘सर्वोत्तम वर्ष’ ठरवण्याच्या वादाची पार्श्वभूमी

‘नटरंग’ चित्रपटगृहांत लागला तो १ जानेवारी २०१० रोजी, शुक्रवारी. राष्ट्रीय पुरस्कारांच्या दप्तरी मात्र तो २००९ सालचा सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपट आहे. त्याच्या तीन महिने आधी, सप्टेंबर २००९ मध्ये, ‘जोगवा’ लागला होता. त्याचे राष्ट्रीय पुरस्कार २००८ च्या खात्यावर जमा आहेत. दोन्हींचं संगीत अजय-अतुल यांचं, आणि दोन्ही आपण एकाच हंगामात पाहिले. आता कुणी म्हणालं की मराठी सिनेमा पुन्हा उभा राहिला ते वर्ष अमुक, तर त्याने २००८ म्हणावं, २००९ की २०१०?

घोळ साधा आहे. राष्ट्रीय पुरस्कार सेन्सॉरच्या प्रमाणपत्रावरची तारीख धरतात. प्रेक्षक तिकीट काढल्याची तारीख धरतो. महोत्सववाले पहिल्या खेळाची धरतात. तरीही ‘सिनेमाचं सर्वांत भारी वर्ष कोणतं’ हा वाद गप्पांच्या प्रत्येक अड्ड्यावर निघतो, आणि निघाला की रात्र सरते. मीही त्यात हिरिरीने पडतो. माझं वर्ष ठरलेलं आहे, ते पुढे येईलच. पण त्याआधी हा वाद आला कुठून ते पाहू.

चित्रपट वर्षाच्या मापाने मोजायची सवय पुरस्कारांनी लावली. ऑस्करचा पहिला सोहळा मे १९२९ मध्ये झाला तेव्हा त्याचं वर्ष होतं १ ऑगस्ट १९२७ ते ३१ जुलै १९२८. काही वर्षं असंच चाललं. मग गाडी जानेवारी-डिसेंबरच्या रुळावर आणायची ठरली, आणि त्यासाठी मधलं एक ‘वर्ष’ चक्क सतरा महिन्यांचं करावं लागलं: ऑगस्ट १९३२ ते डिसेंबर १९३३. इंग्रजी सिनेमाची आज जी ‘वर्षं’ आपण तोंडपाठ म्हणतो, ती १९३४ पासूनची. त्यातही अट होती की चित्रपट लॉस एंजेलिसमध्ये लागलेला हवा. म्हणून नोव्हेंबर १९४२ मध्ये न्यूयॉर्कला झळकलेला ‘कॅसाब्लांका’ ऑस्करला १९४३ चा ठरला. चॅप्लिनच्या ‘लाइमलाइट’ची गंमत तर याहून मोठी. चित्रपट १९५२ चा, पण लॉस एंजेलिसच्या पडद्यावर रीतसर आला १९७२ मध्ये. त्याच्या संगीताला ऑस्कर मिळालं १९७३ मध्ये, ‘गॉडफादर’च्या वर्षी.

आपल्याकडे राष्ट्रीय पुरस्कार आणि फिल्मफेअर हे दोन्ही १९५४ मध्ये सुरू झाले, १९५३ च्या चित्रपटांपासून. राष्ट्रीय पुरस्कारांतलं सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं पहिलं सुवर्णपदक आचार्य अत्र्यांच्या ‘श्यामची आई’ला मिळालं हे मराठी माणसाला सांगायला नको. त्यानंतर सर्वोच्च सन्मान पुन्हा मराठीकडे यायला २००३ चा पुरस्कार उजाडावा लागला, आणि तो ‘श्वास’ लोकांनी पाहिला २००४ मध्ये. परत तोच घोळ.

या वादातलं सगळ्यांत जुनं आणि सगळ्यांत मुजोर उत्तर म्हणजे हॉलिवूडचं १९३९. त्यामागे एक मजेदार प्रकरण आहे. १९३८ मध्ये अमेरिकेतला चित्रपटधंदा मंदावला होता. स्टुडिओ आणि थिएटरमालकांनी मिळून जाहिरातींची मोठी मोहीम काढली, तिचं घोषवाक्यच ‘चित्रपटांचं महान वर्ष’ अशा अर्थाचं होतं. जोडीला अडीच लाख डॉलर बक्षिसांची कोड्यांची स्पर्धा. म्हणजे धंद्याने स्वतःच्या तोंडाने महान ठरवलेलं वर्ष १९३८. ते आज कुणाला आठवत नाही, आणि ज्याची दवंडी पिटली नव्हती ते पुढचं वर्ष दंतकथा झालं.

१९३९ ची यादी खरोखरच छाती दडपवणारी आहे. ‘गॉन विथ द विंड’, ‘द विझर्ड ऑफ ऑझ’, ‘स्टेजकोच’, ‘मिस्टर स्मिथ गोज टू वॉशिंग्टन’, ‘निनोच्का’, ‘वुदरिंग हाइट्स’. सर्वोत्कृष्ट चित्रपटासाठी तेव्हा दहा नामांकनं असत, त्यामुळे या सगळ्यांची नावं एका पानावर आली. पाचच असती तर दंतकथा निम्मीच झाली असती असं मला वाटतं. इतकं पीक एकदम आलं कसं, याचं उत्तर कारखान्यात आहे. मोठ्या स्टुडिओंच्या हाती सगळं होतं: नट, लेखक, दिग्दर्शक वर्षानुवर्षांच्या कराराने बांधलेले, आणि बड्या कंपन्यांची तर थिएटरंही स्वतःची. चित्रपट तयार झाला की तो लावायला पडदा हजर. व्हिक्टर फ्लेमिंगचं नाव त्या वर्षीच्या ‘ऑझ’वरही आहे आणि ‘गॉन विथ द विंड’वरही. जॉन फोर्डचे तीन चित्रपट आले. आणि थॉमस मिचेल नावाचा एक चरित्र अभिनेता पाहा: ‘गॉन विथ द विंड’मध्ये तो नायिकेचा बाप, ‘स्टेजकोच’मध्ये दारुडा डॉक्टर, ‘मिस्टर स्मिथ’मध्ये वार्ताहर, शिवाय आणखी दोन चित्रपट. एका वर्षात पाच, आणि ‘स्टेजकोच’साठी ऑस्कर. थिएटरं स्टुडिओंच्या हातून सोडवणारा न्यायालयाचा निकाल १९४८ चा. त्यानंतर ती व्यवस्था उसवत गेली.

‘ऑझ’ पहिल्या खेपेला तोट्यात गेला होता. १९५६ पासून तो टीव्हीवर दिसू लागला, पुढे दरवर्षी दिसू लागला, आणि मग अमेरिकेतल्या दोन-तीन पिढ्यांचं बालपण त्यात अडकलं. पन्नास वर्षं झाल्यावर, १९९० मध्ये, अमेरिकी टपाल खात्याने चार जुन्या चित्रपटांची तिकिटं काढली. चारही १९३९ चे. वादाचा निकाल जणू पोस्टातून आला.

पण ही अमेरिकेची वही. त्याच १९३९ च्या जुलैत पॅरिसमध्ये झां रेन्वार यांचा ‘द रूल्स ऑफ द गेम’ लागला, लोकांनी हुर्यो उडवली, कापाकापी झाली, पुढे बंदी आली. आज जगातल्या उत्तम चित्रपटांच्या याद्यांत तो वरच्या ओळीत असतो, तरी ‘१९३९’ म्हटल्यावर त्याचं नाव क्वचित निघतं. आणि आपला ‘माणूस’? शांतारामबापूंनी पुण्यात प्रभातमध्ये केलेला, पोलीस शिपाई आणि वेश्या यांच्या प्रेमाचा तो चित्रपटही १९३९ चाच. शाहू मोडक, शांता हुबळीकर, ‘कशाला उद्याची बात’. त्याच वर्षी मुंबईत दारूबंदीचे वारे वाहत असताना अत्रे आणि मास्टर विनायकांनी ‘ब्रँडीची बाटली’ काढून दामुअण्णा मालवणकरांना बाटलीच्या शोधात गावभर फिरवलं. १९३९ महान म्हणायचंच तर या दोन चित्रपटांसाठी म्हणायला मी एका पायावर तयार आहे.

हिंदीत हा सामना मुख्यतः दोन वर्षांत होतो, १९५७ आणि १९७५. माझं मत १९५७ ला. ‘प्यासा’, ‘नया दौर’, ‘मदर इंडिया’, ‘दो आँखें बारह हाथ’ एवढी चार नावं घेतली तरी पुरे, पण वर ‘तुमसा नहीं देखा’मधून शम्मी कपूर मिळाला, ‘मुसाफिर’मधून दिग्दर्शक हृषीकेश मुखर्जी मिळाले आणि ‘नौ दो ग्यारह’मधून दिग्दर्शक विजय आनंद.

हे सगळं १९५७ मध्ये घडलं असं म्हणणं मात्र अर्धवट आहे. त्या वर्षी ते दिसलं. जुने स्टुडिओ मोडून दिग्दर्शकांनी आणि नटांनी आपापल्या कंपन्या थाटल्या त्या आधीच्या पंधरा वर्षांत. शांतारामबापूंचं राजकमल १९४२ चं, देव आनंदचं नवकेतन १९४९ चं. इप्टा ही डाव्या विचारांची नाट्यसंस्था आणि प्रगतिशील लेखक यांच्या बैठकांतून आलेले कवी-लेखक तोवर सिनेमात मुरले होते. १९५२ च्या आंतरराष्ट्रीय महोत्सवात मुंबईने ‘बायसिकल थीव्ज’ आणि ‘राशोमोन’ पाहिले होते. आणि स्वातंत्र्याला दहा वर्षं होत होती. आशा अजून शिल्लक होती आणि कुरबूरही सुरू झाली होती. साहिर लुधियानवींचंच पाहा. ‘नया दौर’साठी ‘ये देश है वीर जवानों का’ लिहिणारे तेच, आणि ‘प्यासा’साठी ‘जिन्हें नाज़ है हिंद पर’ लिहिणारेही तेच. एकाच कवीची दोन टोकं एकाच वर्षाच्या पडद्यावर. पहिलं गाणं अजून वरातीत वाजतं. दुसरं लावलं तर वरात थांबेल.

‘दो आँखें बारह हाथ’चं मूळ तर साताऱ्या-सांगलीकडच्या औंध संस्थानात. आटपाडीजवळ स्वतंत्रपूरला कैद्यांना भिंतीबाहेर ठेवून शेती करायला लावणारा खुल्या तुरुंगाचा प्रयोग झाला होता, आणि चित्रपटाची कथा लिहिणारे ग. दि. माडगूळकर त्याच मुलखातले. माणदेशातली गोष्ट, वसंत देसाईंचं संगीत, आणि चित्रपट गेला बर्लिनला. तिथल्या महोत्सवातून १९५८ मध्ये रौप्य अस्वल हा पुरस्कार घेऊन आला. राष्ट्रपतींचं सुवर्णपदकही त्यालाच. बैलाशी झुंजीच्या प्रसंगात शांतारामबापूंच्या डोळ्यांना जबर इजा झाली होती. १९५७ च्याच ‘मदर इंडिया’ने ऑस्करचं नामांकन मिळवलं, भारताचं पहिलं.

१९५७ च्या बाजूने आणखी एक गोष्ट बोलली जात नाही, ती रेडिओची. पुण्यात जन्मलेले बा. वि. केसकर १९५२ मध्ये नभोवाणीमंत्री झाले आणि आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी हद्दपार झाली. लोकांनी काटा फिरवून रेडिओ सिलोन गाठलं, अमीन सयानी घराघरांत पोचले. अखेर ३ ऑक्टोबर १९५७ ला विविध भारती सुरू झाली. म्हणजे ओ. पी. नय्यर, सचिनदेव बर्मन, नौशाद, वसंत देसाई आणि ‘ईना मीना डीका’वाले आपले सी. रामचंद्र हे सगळे ऐन बहरात असताना सरकारी रेडिओचं दार उघडलं. त्या वर्षाची गाणी आपल्या आजीला पाठ असण्यामागे हाही योग आहे. चित्रपट एकदा-दोनदा पाहायचा. गाणं रोज दुपारी यायचं.

शिवाय १९५७ ला घराबाहेरही साक्षीदार आहेत. बर्गमनचे ‘द सेव्हन्थ सील’ आणि ‘वाइल्ड स्ट्रॉबेरीज’, कुरोसावाचा ‘थ्रोन ऑफ ब्लड’, ‘ट्वेल्व्ह अँग्री मेन’, ‘पाथ्स ऑफ ग्लोरी’, तेलुगू-तमिळमधला ‘मायाबझार’. सत्यजित राय यांच्या ‘अपराजितो’ला व्हेनिसचा सुवर्णसिंह याच वर्षी मिळाला, चित्रपट अर्थात १९५६ चा. एवढं सगळं १९३९ च्या पोतडीत नाही.

१९७५ वाले यावर एकच शब्द टाकतात: ‘शोले’. बरोबरच आहे. मुंबईच्या मिनर्व्हा थिएटरात पाच वर्षं चाललेल्या चित्रपटापुढे काय बोलणार? पण त्या वर्षाचं खरं वैभव त्याच्या अठरापगडपणात आहे. ‘दीवार’, ‘आँधी’, ‘चुपके चुपके’, ‘मिली’, तेंडुलकरांच्या पटकथेवरचा बेनेगलांचा ‘निशांत’, आणि जिथे बायका चपला बाहेर काढून थिएटरात शिरायच्या तो अल्प खर्चातला ‘जय संतोषी माँ’. जूनमध्ये आणीबाणी आली. ‘आँधी’ पडद्यावरून उतरला, ‘शोले’त गब्बरला ठाकूरच्या पायाखाली मरू दिलं नाही. त्या वर्षीचं फिल्मफेअर सर्वोत्कृष्ट चित्रपट म्हणून ‘दीवार’ला मिळालं. ‘शोले’ला एकच: संकलनाचं, एम. एस. शिंदे यांना. पुरस्कारांवरून वर्षाची उंची मापणाऱ्यांनी हे आठवणीत ठेवावं. मराठीत त्या वर्षी दादा कोंडकेंचा ‘पांडू हवालदार’ आला, आणि ‘सामना’ बर्लिनच्या स्पर्धेत होता. मात्र ‘सामना’ काही याद्यांत १९७४ चा, काहींत १९७५ चा. चालायचंच.

पुढच्या पिढीचं इंग्रजी वर्ष १९९९: ‘द मेट्रिक्स’, ‘द सिक्स्थ सेन्स’, ‘फाइट क्लब’. यातला ‘फाइट क्लब’ तिकीटबारीवर पडला आणि डीव्हीडीने उचलला. ‘अंदाज अपना अपना’ १९९४ मध्ये असाच आपटला आणि केबलवर तरला. या दोघांची वर्षं मोठी केली ती घरात बसून पाहणाऱ्यांनी.

मराठीचा ताजा दावा २०१५ चा. त्या वर्षी ‘कोर्ट’ लागला, ‘किल्ला’ लागला, दिवाळीत ‘कट्यार काळजात घुसली’ लागला. विरोधी बाजू लगेच उठते: ‘कोर्ट’ व्हेनिसला गाजला २०१४ मध्ये, ‘किल्ला’ला बर्लिनमध्ये स्फटिक अस्वल २०१४ मध्येच, दोघांचे राष्ट्रीय पुरस्कारही २०१४ चे, मग २०१५ कडे उरतं काय? उलट २०१६ मध्ये ‘सैराट’ आहे आणि ‘नटसम्राट’ आहे. यावर २०१५ वाले चिडून सांगतात की ‘नटसम्राट’ आमचाच, थोडक्यात हुकला. खोटं नाही. १८ डिसेंबरला ‘बाजीराव मस्तानी’ आणि ‘दिलवाले’ यांनी पडदे अडवले होते. २५ डिसेंबरही शुक्रवारच होता. ‘नटसम्राट’ आला त्याच्या पुढच्या शुक्रवारी, १ जानेवारी २०१६ ला.