शहजाद्याच्या हातातलं रत्न चमकतं कसं?

लंडनच्या व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट म्युझियममध्ये शहजादा खुर्रमचं एक लहानसं व्यक्तिचित्र आहे. त्याच्या हातात पगडीला लावायचा रत्नजडित दागिना आहे. पुढे शाहजहान म्हणून तख्तावर बसल्यावर त्यानं स्वतःच्या हातानं या चित्रावर नोंद केली: पंचविसाव्या वर्षातलं माझं हे चांगलं चित्र, काम नादिर-उझ-झमानचं. हा किताब जहांगिरानं आपल्या आवडत्या चित्रकाराला, अबुल हसनला, दिला होता.

खुर्रमचा जन्म जानेवारी 1592 चा, म्हणजे चित्रातलं वय 1616-17 मधलं. त्याच सुमारास तो बुऱ्हाणपुरात तळ देऊन मलिक अंबरविरुद्धच्या दख्खन मोहिमेची सूत्रं हलवत होता. 1617 मध्ये तह झाला, अहमदनगरचा किल्ला मुघलांच्या हाती आला आणि खूश झालेल्या बापानं मांडूला त्याला ‘शाहजहान’ हा किताब दिला. दरबारात तेव्हा रत्नांची उधळण झाली. अशा शहजाद्याच्या चित्रात दागिना नुसता दिसून भागत नाही, तो चमकायला हवा. कागद सपाट आणि रंग डिंकात कालवलेले. मग चमक आणायची कुठून?

मुघल कारखान्यातले चित्रकार सोन्याचा वर्ख घोटून त्याची पूड करत आणि ती सरसात किंवा डिंकात मिसळून कुंचल्यानं लावत. वाळल्यावर अकीक दगडानं घासली, की सोन्याचे कण दबून सपाट होत आणि प्रकाश एकाच दिशेला परतवू लागत. हा झाला आरसा. पण आरसा एकाच कोनातून झळकतो. म्हणून काही ठिकाणी बोथट सुईनं त्या सोन्यावर बारीक टोचे मारत. प्रत्येक खळग्याचा उतार वेगळा, त्यामुळे पान हातात धरून जरा कललं की कधी हा ठिपका चमके, कधी तो. ही चित्रं मुरक्क्यांत, म्हणजे चित्रसंग्रहांत, बांधली जात आणि हातात घेऊन पाहिली जात, हे इथे विसरून चालणार नाही.

मोत्यांची रीत आणखी वेगळी. पांढऱ्या रंगाचा दाट थेंब ठेवून तो तसाच वाळू द्यायचा. असा मोती कागदावर खरोखरच उंचावलेला असतो, त्याला स्वतःची सावली पडते. छायाप्रकाश रंगवण्याऐवजी तो घडवण्याची ही युक्ती मला या साऱ्या कलेतली सर्वांत देखणी वाटते.

तो पांढरा रंग बहुधा सफेदा, म्हणजे शिशाचा कार्बोनेट. हवेतल्या हायड्रोजन सल्फाइडशी त्याची गाठ पडली, की त्याचं काळं लेड सल्फाइड होतं. जुन्या चित्रांत काळवंडलेले मोती आणि करड्या पगड्या दिसतात, त्यामागे अनेकदा हेच कारण असतं. संवर्धक हायड्रोजन पेरॉक्साइडनं त्या काळ्याचं पांढऱ्या लेड सल्फेटमध्ये रूपांतर करू शकतात. रंग परततो, मूळ पदार्थ मात्र परतत नाही.

निळा त्यापेक्षा टिकाऊ. तो अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या खाणींतून आलेल्या लाजवर्द दगडाचा. त्याच्या स्फटिकांतल्या पोकळ्यांत गंधकाचे तीन-तीन अणूंचे गट अडकलेले असतात. ते पिवळा-नारिंगी प्रकाश शोषतात, म्हणून आपल्याला निळं दिसतं. ही पिंजऱ्यासारखी रचना शाबूत असेपर्यंत रंग शाबूत. तांब्यापासून केलेला हिरवा जंगाल याच्या अगदी उलट: तो हळूहळू खालचा कागदच जाळतो. काही पानांवरच्या हिरव्या रेघा त्यामुळे चिरल्यासारख्या तुटलेल्या आढळतात.

हे सगळं ओळखायला आता चित्राला स्पर्शही करावा लागत नाही. लेझरचा बारीक किरण रंगावर टाकला, की विखुरलेल्या प्रकाशाचा अगदी थोडा भाग बदललेल्या तरंगलांबीनं परत येतो. हा बदल पदार्थाच्या रेणूंतल्या किंवा स्फटिकातल्या कंपनांवर ठरतो, म्हणून लाल हिंगूळ, लाजवर्द आणि सफेदा यांची खूण वेगवेगळी पटते. 1928 मध्ये चंद्रशेखर वेंकट रामन यांनी कलकत्त्यात शोधलेला परिणाम तो हाच. काजळीच्या शाईनं काढलेला कच्चा आराखडा रंगाखाली असेल, तर अवरक्त प्रकाशात काजळी काळी उठते आणि चित्रकारानं बोट किंवा हनुवटी कुठे सरकवली तेही कळतं.

कागदावरच्या अशा चित्रांना संग्रहालयात साधारण 50 लक्स इतकाच उजेड देतात, कारण प्रकाशानं झालेलं नुकसान भरून येत नाही. ते योग्यच आहे. पण मंद, स्थिर उजेडात काचेआड सोनं मुकं होतं. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात लघुचित्रं पाहायला गेलात, तर एका जागी उभं राहू नका. गुडघ्यात वाका, डावी-उजवीकडे सरका. पान हलत नसेल तर आपण हलायचं, म्हणजे सोन्यावरचे टोचे एकेक करून झळकू लागतात.