घरच्या लग्नाचे फोटो तुम्हीच काढणार? कॅमेरा भाड्याने नेण्याआधी वाचा

एप्रिल जवळ आला की दुकानात हमखास कुणीतरी येतं. "मावसभावाचं लग्न आहे, फोटो मलाच काढायला सांगितलेत. कुठली लेन्स देता?" लेन्स देऊच. पण याआधी एकही लग्न टिपलं नसेल आणि तुम्ही एकटेच असाल, तर मुख्य जबाबदारी घेऊ नका, असं आम्ही स्पष्ट सांगतो. आमचं भाडं बुडालं तरी चालेल. आधी एक-दोन लग्नांत कुणाच्या तरी जोडीला उभे राहा.

कारण अंतरपाट. किनाऱ्यावरचा सूर्यास्त आज हुकला तर उद्या मिळतो. इथे शेवटची मंगलाष्टका संपते, अंतरपाट बाजूला होतो, वाजंत्री सुरू होते, हार पडतात, सगळं मिनिटभरात. वरून अक्षता. ऑटोफोकस चेहरा सोडून हवेतल्या तांदळावर बसतो आणि समोर दहा मोबाइल वर येतात. आमच्यातल्या एकाचा पहिल्याच लग्नात हा क्षण हुकला. त्या घरच्या अल्बममध्ये तो फोटो नाही, आणि याचं वाईट आम्हाला अजून वाटतं. म्हणून भटजींना आधी भेटा, कुठे उभं राहिलेलं चालेल ते विचारून घ्या. अंतरपाट धरणाऱ्याच्या मागची जागा मिळाली तर दोन्ही चेहरे बाजूने दिसतात. फोकस आधीच चेहऱ्यांच्या अंतरावर लावून ठेवा. शटरचा वेग १/२०० सेकंदाच्या आसपास असू द्या.

अंगणातल्या मांडवावर हिरवी जाळी किंवा निळी ताडपत्री असते. भर दुपारी तोच रंग नवरीच्या चेहऱ्यावर उतरतो. फ्लॅश वर वळवला तर ताडपत्रीवरून निळाच उजेड परत येतो. मुहूर्ताआधी मांडवात पांढरा कागद धरून व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरं पांढरंच दिसावं अशी रंगांची जुळणी, लावा आणि फोटो रॉमध्येच काढा, म्हणजे कॅमेऱ्याच्या मूळ फाइलमध्ये, रंग नंतर सुधारता येतात. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात एक रॉ फाइल साधारण २५ ते ३० एमबीची होते, म्हणजे दीड हजार फोटोंना ४० जीबीच्या आसपास जागा लागते. कार्डाचे दोन खण असलेलाच कॅमेरा मागा आणि फोटो दोन्ही कार्डांवर उतरू द्या, एक बिघडलं तरी दुसरं हाताशी राहतं.

एसी गाडीतून थेट मांडवात गेलात तर दमट हवेने लेन्सवर वाफ धरते. पुसली तरी पुन्हा धरते. बॅग बंद ठेवूनच अर्धा तास आधी गाडीबाहेर काढा.

घरच्यांचे एकत्र फोटो जेवणाआधी उरका. चाकरमान्यांना मुंबईची गाडी पकडायची असते. सगळ्यांना नावाने हाक मारणारी एखादी आत्या सोबत घ्या.

कॅमेरा आदल्या संध्याकाळीच न्या, त्या रात्रीचं भाडं आम्ही घेत नाही. हात बसू द्या. फ्लॅशचे पेन्सिल सेल आणि जादा बॅटरी मागून घ्या. हळदीच्या वेळी ओल्या हातांनी लेन्स बदलू नका. परत करताना कार्ड काढून घ्यायला विसरू नका, आणि दोन ठिकाणी कॉपी होईपर्यंत ते पुसू नका.