चार शास्त्रं, चार बाजू आणि पन्नास वर्षांचं भांडण

नागपुरात जुनं रॉक मनापासून ऐकणारी चार माणसं एकत्र आली आणि 'येस' या इंग्लिश बँडचा विषय निघाला, की गाडी त्यांच्या 'टेल्स फ्रॉम टोपोग्राफिक ओशन्स' या दुहेरी अल्बमवर येते आणि बैठकीत दोन तट पडतात. एकाला तो प्रोग्रेसिव्ह रॉकचा, म्हणजे लांबलचक, गुंतागुंतीच्या रचनांच्या रॉकचा, कळस वाटतो, दुसऱ्याला याच अल्बमपासून घसरण सुरू झाली असं वाटतं. शिवाय आपल्याकडे एक तिसरा गट असतोच. त्याचं म्हणणं असं, की अल्बमचा विषय आपल्या हिंदू शास्त्रांचा, मग यात आपलं काय आहे? ही तिन्ही मतं कुठून आली ते समजायला 1973 मध्ये जावं लागतं.

त्या वर्षीच्या मार्चमध्ये ड्रमर बिल ब्रुफर्डच्या लग्नात 'येस'चा गायक जॉन अँडरसन याची गाठ जेमी म्यूरशी पडली. ब्रुफर्ड आदल्याच वर्षी 'येस' सोडून 'किंग क्रिम्झन' या बँडमध्ये गेला होता. म्यूर तिथलाच तालवादक. त्याच सुमारास तो संगीत सोडून स्कॉटलंडमधल्या बौद्ध मठाकडे वळला. त्याच्यामुळे अँडरसनच्या हाती परमहंस योगानंदांचं आत्मचरित्र आलं. जपानच्या दौऱ्यात, टोकियोच्या हॉटेलात वाचताना 83 व्या पानावरच्या एका तळटीपेने त्याला धरून ठेवलं. शास्त्रांचे चार वर्ग, म्हणजे श्रुती, स्मृती, पुराणं आणि तंत्रं, आणि धर्मापासून कायदा, वैद्यक, वास्तुकलेपर्यंतचा त्यांचा आवाका, एवढंच त्या टीपेत आहे. अँडरसनने त्यावरून चार भागांची रचना मनाशी धरली. दौऱ्यातल्या रात्री गिटारवादक स्टीव्ह हाऊबरोबर मेणबत्तीच्या उजेडात बसून त्याने आराखडा पक्का केला.

इथेच अल्बमच्या लांबीचा प्रश्न जन्माला आला. एलपीच्या एका बाजूवर साधारण वीस-बावीस मिनिटं नीट बसतात. शास्त्रं चार, म्हणून बाजू चार, म्हणून तबकड्या दोन. आधी संगीत किती सुचलंय ते पाहून लांबी ठरवली असं झालं नाही. साचा आधी ठरला आणि संगीत त्यात भरलं गेलं. 1972 च्या 'क्लोज टू द एज'मध्ये याच बँडने पावणेएकोणीस मिनिटांचं एक गाणं एका बाजूवर घट्ट बांधून दाखवलं होतं, त्यामुळे तसं चार वेळा करता येईल हा विश्वास समजण्यासारखा आहे. पण चारपट संगीत तयार नव्हतं. कीबोर्डवादक रिक वेकमनची तक्रार हीच होती, आणि ती त्याने कधी लपवली नाही: एका तबकडीला जास्त, दोन तबकड्यांना कमी, म्हणून भर घालावी लागली.

म्हणजे रसिकांमधली फूट बाहेरून आलेली नाही, ती बँडमध्येच पडली होती. लंडनच्या मॉर्गन स्टुडिओत ध्वनिमुद्रण चालू असताना वातावरणासाठी गवताचे भारे आणि पुठ्ठ्याची गाय आणून ठेवली होती. वेकमनचं तिथे मन रमलं नाही. पुढे मँचेस्टरच्या कार्यक्रमात तो रंगमंचावर, कीबोर्डच्या आड बसून चक्क जेवला. त्याच्या मदतनिसाने मागवलेल्या त्या जेवणात भेंडीची भाजी होती, पराठा होता, पापड होते. हा किस्सा अल्बमच्या विरोधकांना तोंडपाठ असतो. 1974 च्या मे महिन्यात वेकमनने बँड सोडला.

बाकी जगाचं मतही तसंच दुभंगलेलं. अल्बम ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेला, अमेरिकेत सहाव्या. त्याच वेळी समीक्षकांनी त्याला पसरट आणि अवडंबरी ठरवलं. नव्या दौऱ्यात बँडने हे एक्याऐंशी मिनिटांचं संगीत पूर्ण वाजवायला घेतलं, तेव्हा रेकॉर्ड दुकानांत आलेलीच नव्हती. ज्या प्रेक्षकाने एक सूरही आधी ऐकलेला नाही, त्याच्यापुढे चारही भाग! मला वाटतं, पहिल्या नापसंतीतला मोठा वाटा या घाईचा आहे. अमेरिकेत दौरा पुढे सरकला तसा दुसरा भाग, 'द रिमेम्बरिंग', बँडने स्वतःच गाळला.

आपल्याकडे या भांडणाला वेगळी किनार आहे. सिव्हिल लाइन्समधल्या डॉ. वसंतराव देशपांडे सभागृहात एक राग तासभर ऐकायची सवय असलेल्या नागपूरकराला वीस मिनिटांचं काय ओझं? लांबीची तक्रार त्याच्याकडून सहसा येत नाही. त्याला खटकतं ते संगीताचं वाढत न जाणं. ख्यालात प्रत्येक आवर्तन आधीच्यातून निघतं. इथे, विशेषतः दुसऱ्या भागात, एक सुरावट संपते आणि शेजारी दुसरी येऊन बसते. हा आक्षेप मला 'फार लांब आहे'पेक्षा कितीतरी मोलाचा वाटतो.

कॅसेटनेही मतं घडवली. नव्वद मिनिटांच्या कोऱ्या कॅसेटवर अख्खा अल्बम मावतो, पण मग पहिला आणि दुसरा भाग एकाच बाजूला सलग येतात. एलपी ऐकणारा तबकडी उलटताना श्वास घेतो. कॅसेट ऐकणाऱ्याच्या कानावर एक्केचाळीस मिनिटं एकसंध येतात आणि दुसरा भाग त्यात पार विरून जातो.

राहिला शास्त्रांचा मुद्दा. श्रुती-स्मृतींचं विवेचन शोधायला बसलात तर हाती काही लागणार नाही. तळटीप हा फक्त सांगाडा होता आणि संगीत पूर्णपणे इंग्लिश रॉकच आहे. तिसऱ्या भागात अँडरसन निरनिराळ्या भाषांतली सूर्याची नावं पुकारतो, त्यात मध्येच स्पष्ट 'धूप' ऐकू येतं. पहिल्यांदा ऐकणारा नागपूरकर तिथे हमखास मान वर करतो. पण त्या भागाचं खरं धन शेवटाकडे आहे. सगळा गदारोळ थांबतो, हाऊची नायलॉन तारांची गिटार एकटी उरते आणि तिच्यावर अँडरसनचा साधा, उघडा आवाज. ज्याला अल्बम अजिबात आवडत नाही त्यानेही तेवढा तुकडा ऐकावा. चौथ्या भागातला ख्रिस स्क्वायरचा बास आणि त्यानंतरचा तालवाद्यांचा कल्लोळ यांबद्दल तर विरोधकही सहसा वाद घालत नाहीत.

2003 च्या आवृत्तीत पहिल्या भागाची गाळलेली दोनेक मिनिटांची सुरुवात परत आली आणि 2016 मध्ये संगीतकार स्टीव्हन विल्सनने मूळ ध्वनिमुद्रणाचं नवं मिश्रण केलं. त्यात दुसऱ्या भागातला वेकमनचा मेलोट्रॉन (टेपवरचे आवाज वाजवणारा कीबोर्ड) स्वच्छ ऐकू येतो, आणि ज्याला हे संगीत नकोसं होतं त्याने ते किती हळुवार वाजवलंय हे कळतं. त्याच वर्षीच्या दौऱ्यात 'येस'ने पहिला आणि चौथा भाग पूर्ण वाजवला, तिसऱ्यातला तो गिटारचा तुकडा घेतला. दुसरा भाग त्या वेळीही बाहेरच राहिला. माझंही मत बरंचसं तसंच आहे, फक्त त्या मेलोट्रॉनसाठी दुसरा भाग मी टाकून देणार नाही.