पट्टा आखला नसता तर?

अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातल्या अटलांटा शहराच्या मध्यभागाला वेढणारं जुन्या रेल्वेमार्गांचं एक कडं आहे, साधारण ३५ किलोमीटर लांबीचं. कारखाने आणि गोदामं बंद पडत गेली तसे रूळ गंजले, झाडोरा माजला. १९९९ मध्ये रायन ग्रॅव्हेल या विद्यार्थ्याने जॉर्जिया टेक या विद्यापीठातल्या आपल्या प्रबंधात सुचवलं, की हे तुकडे जोडून त्यांवरून ट्रॅम न्यावी. पुढे त्यात पायवाटा, बागा, परवडणारी घरं यांची भर पडली. अडलं होतं ते पैशापाशी. २००५ मध्ये शहराने तो पैसा शोधला, आणि तो होता अजून कोणी भरलेलीच नव्हती अशा घरपट्टीत.

या पद्धतीला अमेरिकेत टॅक्स इन्क्रिमेंट फायनान्सिंग म्हणतात, बोलताना नुसतं 'टिफ'. नकाशावर एक पट्टा आखायचा. त्या दिवशी तिथल्या सगळ्या मालमत्तांचं जे करपात्र मूल्य असेल, ते 'मूळ मूल्य' म्हणून गोठवायचं. समजा ते १० कोटी डॉलर आहे आणि कराचा दर २ टक्के. म्हणजे वर्षाला २० लाख डॉलर. हे २० लाख पूर्वीसारखेच शाळा, काउंटी (म्हणजे जिल्हा), वाचनालय यांच्यात वाटले जातात. दहा वर्षांनी मूल्य १६ कोटींवर गेलं, तर कर ३२ लाख येईल. वरचे १२ लाख मात्र कोणाला वाटायचे नाहीत, ते त्या पट्ट्याच्याच निधीत जातात. या येणाऱ्या वाढीच्या भरवशावर आजच कर्जरोखे काढायचे, त्यातून गटारं, रस्ते, पडीक जमिनीची सफाई करायची आणि वाढीतूनच कर्ज फेडायचं. लोकांवर नवा कर नाही, कराचा दरही तोच. नगरसेवकांना ही कल्पना का भावते, हे वेगळं सांगायला नको.

सुरुवात कॅलिफोर्नियात १९५२ मध्ये झाली. केंद्र सरकार जुन्या वस्त्यांच्या पुनर्विकासाला अनुदान देत होतं, पण शहरांनी आपला वाटा घालायचा होता, आणि तो उभा करायला ही युक्ती निघाली. पुढे ती जवळजवळ सगळ्या राज्यांत पसरली.

आता तेच गणित जरा जवळून पाहू. पट्टा आखलाच नसता, तरी महागाईमुळे आणि आसपासच्या वाढीमुळे जागांचे भाव दरवर्षी ३ टक्क्यांनी चढले असते असं धरा. दहा वर्षांत मूल्य आपोआप सुमारे १३ कोटी ४४ लाखांवर गेलं असतं. म्हणजे त्या १२ लाखांतले जवळजवळ ७ लाख टिफने निर्माण केलेले नाहीतच. ते एरवी शाळा आणि इतर संस्थांना मिळाले असते. खरी मेख इथे आहे. वसुलीच्या आकड्यात दोन्ही वाढी मिसळलेल्या असतात आणि तो आकडा बघून त्या वेगळ्या काढता येत नाहीत.

म्हणून अनेक राज्यांच्या कायद्यात एक अट असते: ही मदत नसती तर इथे विकास झालाच नसता, हे शहराने दाखवावं. पण न घडलेली गोष्ट दाखवणार कशी? बऱ्याचदा सल्लागाराच्या अहवालातल्या एका परिच्छेदावर ही अट पुरी झाली असं मानलं जातं. माझ्या मते हा या पद्धतीतला सर्वांत कच्चा दुवा आहे.

अर्थशास्त्रज्ञ त्यासाठी तुलनेचा आधार घेतात. रिचर्ड डाय आणि डेव्हिड मेरिमन यांनी शिकागो परिसरातल्या टिफ स्वीकारलेल्या आणि न स्वीकारलेल्या नगरपालिका तपासल्या. २००० साली प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष धक्का देणारा होता: टिफ स्वीकारलेल्या नगरपालिकांची एकूण वाढ इतरांपेक्षा मंद होती. एक शक्यता अशी, की पट्ट्यात आलेलं दुकान किंवा कार्यालय त्याच गावात दुसरीकडे उभं राहिलं असतं. पट्ट्यात भर पडली, पण बाकीच्या गावाच्या वाट्याचं गेलं.

शिकागो ज्या राज्यात आहे त्या इलिनॉयमध्ये आणखी एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. तिथे शाळामंडळ आधी दर ठरवत नाही, वर्षाला किती रक्कम हवी ते सांगतं. ती रक्कम करपात्र मूल्याने भागली की दर निघतो. टिफमधली वाढ या भागाकारात धरली जात नाही. भाजक लहान राहिला की दर चढतो, आणि पट्ट्यापासून दूर राहणाऱ्या घरमालकाचं बिलही थोडं फुगतं. नवा कर नाही, हे वाक्य त्याच्यापुरतं खरं उरत नाही.

शाळांशी तंटा अटलांटातही झाला. २००८ मध्ये जॉर्जियाच्या सर्वोच्च न्यायालयाने शाळांचा कर या कामाला वापरता येणार नाही असा निकाल दिला. त्याच वर्षी मतदारांनी राज्यघटना दुरुस्त करून ती वाट पुन्हा मोकळी केली. पण तोवर मंदी आली होती आणि वाढ अंदाजाइतकी झालीच नाही. कॅलिफोर्नियाने तर राज्याच्या तिजोरीवरचा ताण पाहून २०१२ मध्ये अशा सुमारे ४०० पुनर्विकास संस्था बंद करून टाकल्या.

तरीही टिफ सरसकट वाईट म्हणणं मला पटत नाही. विषारी मातीच्या जमिनीवर खाजगी गुंतवणूकदार आपणहून येत नाही, आधी कोणीतरी ती माती काढावी लागते. अशा जागी 'पट्टा आखला नसता तर?' याचं उत्तर बऱ्यापैकी स्पष्ट असतं. भाव आधीच चढत असलेल्या वस्तीत तोच पट्टा आखला, की मिळणारा पैसा मुख्यतः दुसऱ्याच्या खिशातला असतो.

अटलांटाच्या पट्ट्याला २००५ मध्ये २५ वर्षांची मुदत दिली होती. ज्या वर्षी तो मिटेल, त्या वर्षी गोठवलेलं मूल्य सुटेल आणि सगळी वाढ पहिल्यांदाच शहर, काउंटी आणि शाळांच्या वाटपात येईल.